‘युलिसिस’ची किल्ली : पुराणकथा, प्रतीक आणि सहवाचन

इंग्रजी कादंबरीतील पुराणकथा व प्रतीके यांचा विचार पदव्युत्तर वर्गात सुरू झाला, की जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चे नाव प्रथम निघते, आणि त्यापाठोपाठ एक तक्ता विद्यार्थ्यांपुढे ठेवला जातो. अठरा प्रकरणे, प्रत्येक प्रकरणास होमरच्या ‘ओडिसी’तील एका प्रसंगाचे नाव, आणि त्यासमोर प्रहर, शरीराचा अवयव, कला, रंग, प्रतीक असे रकाने. विद्यार्थी तो तक्ता उतरवून घेतात आणि पुष्कळदा कादंबरीऐवजी तोच पाठ करतात. वस्तुतः हा तक्ता कादंबरीत कोठेही छापलेला नाही. प्रकरणांना होमरची नावेही नाहीत. ग्रंथाच्या शीर्षकाखेरीज होमरचा उघड निर्देश लेखकाने जवळजवळ टाळला आहे. मग ही किल्ली आली कोठून, ती वाचकांच्या हाती कोणी दिली, आणि तिच्यामुळे कादंबरीचे कोणते दार उघडले व कोणते बंद झाले, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्यांचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१

युलिसिसच्या कथेशी जॉइसचा परिचय शाळकरी वयातला. डब्लिनच्या बेल्व्हेडिअर विद्यालयात असताना चार्ल्स लॅमने मुलांसाठी केलेले ‘ओडिसी’चे कथारूप त्याने पाठ्यपुस्तक म्हणून वाचले होते. पुढे झुरिक येथील वास्तव्यात, ‘ओडिसी’च्या मुळाशी सेमिटिक दर्यावर्दींचा अनुभव आहे, हा व्हिक्टर बेरार या फ्रेंच पंडिताचा सिद्धान्त त्याच्या परिचयाचा झाला. त्याच्या कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम हा ज्यू पित्याचा पुत्र आहे, हे लक्षात घेता त्या सिद्धान्ताचे आकर्षण त्यास का वाटले असावे, हे सहज समजते.

१९१८ च्या मार्चपासून ‘लिटल रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकात कादंबरी क्रमशः येऊ लागली, तेव्हा प्रकरणांना केवळ अनुक्रमांक होते. होमरची नावे लेखकाच्या पत्रव्यवहारात व मित्रांशी होणाऱ्या संभाषणातच वावरत होती. १९२० च्या सप्टेंबरमध्ये कार्लो लिनाती या इटालियन लेखकास त्याने पहिला विस्तृत आराखडा पाठविला. १९२१ च्या अखेरीस दुसरा आराखडा व्हालेरी लार्बो यास उपलब्ध झाला. निमित्त होते एका व्याख्यानाचे. ७ डिसेंबर १९२१ रोजी पॅरिसमध्ये आद्रिएन मोनिए हिच्या ग्रंथविक्रीच्या दुकानात सुमारे अडीचशे श्रोत्यांसमोर लार्बोने जॉइसवर भाषण केले आणि होमरशी असलेला संबंध तेथे प्रथम जाहीरपणे उलगडून दाखविला. कादंबरी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली ती त्यानंतर, २ फेब्रुवारी १९२२ रोजी. सिल्व्हिया बीच हिने पहिल्या आवृत्तीच्या एक हजार प्रती काढल्या होत्या. म्हणजे ग्रंथ वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच त्याचे निरूपण होऊन गेले होते. साहित्याच्या इतिहासात असा क्रम विरळा होय.

या दोन आराखड्यांविषयी दोन गोष्टी नमूद करणे अवश्य आहे. पहिली, ते परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. लिनातीकडे गेलेल्या आराखड्यात प्रत्येक प्रकरणाच्या ‘अर्था’साठी एक स्वतंत्र रकाना होता, पुढच्या आराखड्यातून तो गळाला. दुसरी, लेखक आपली किल्ली हातची राखून देत होता. शेवटच्या प्रकरणाच्या अनुवादासाठी आराखडा मागणाऱ्या जाक बनवा-मेशां या तरुणास, सर्व काही एकदम सांगून टाकले तर आपले अमरत्व गमवावे लागेल, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले होते, ही आठवण चरित्रकार रिचर्ड एलमन याने नोंदविली आहे. विनोद म्हणून ती सोडून दिली, तरी आराखडा ही वाचकासाठी केलेली टीप नसून लेखकाने आपल्या ग्रंथाच्या ग्रहणावर ठेवलेला एक प्रकारचा अंकुश होता, हे त्यातून सूचित होतेच.

२

ग्रंथ प्रसिद्ध होताच या चौकटीच्या मोलाविषयी दोन मते पुढे आली, आणि ती दोन्ही ‘डायल’ या एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एझरा पाउंडने १९२२ च्या जूनमध्ये असे प्रतिपादन केले, की होमरशी असलेले साम्य हा मुख्यतः लेखकाचा खाजगी मामला आहे. इमारत उभी करताना परांची लागते. इमारत झाल्यावर तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. त्याच्या लेखी ‘युलिसिस’ हा फ्लोबेरच्या वास्तववादाचा पुढचा टप्पा होता. याच्या उलट, टी. एस. एलियटने १९२३ च्या नोव्हेंबरमधील आपल्या लेखात त्या चौकटीलाच सर्वाधिक महत्त्व दिले. समकालीन जीवनाची अस्ताव्यस्तता आणि प्राचीन कथेची सुघटित आकृती यांची सतत सांगड घालणे, ही एक नवी रीत असून तिचे महत्त्व शास्त्रातील एखाद्या शोधाइतके आहे, असा त्याचा दावा होता. मानसशास्त्र, मानववंशशास्त्र आणि जेम्स फ्रेझरचा ‘गोल्डन बाउ’ यांनी ही रीत शक्य केली, असेही त्याने म्हटले. हे विवेचन करताना एलियटच्या डोळ्यांपुढे त्याचे स्वतःचे ‘वेस्ट लँड’ हे १९२२ मधील काव्यही असले पाहिजे, हे अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे.

या वादात एलियटची बाजू सरस ठरली, परंतु ती केवळ युक्तिवादाच्या बळावर नव्हे. अमेरिकेत ‘लिटल रिव्ह्यू’च्या संपादिका मार्गारेट अँडरसन व जेन हीप यांना १९२१ साली अश्लीलतेच्या आरोपावरून दंड झाला होता. १९३३ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीश वुल्झी यांचा निकाल होईपर्यंत ग्रंथ अमेरिकेत, आणि १९३६ पर्यंत इंग्लंडमध्ये, राजरोस प्रसिद्ध होऊ शकला नाही. नेमक्या याच काळात, १९३० साली, स्टुअर्ट गिल्बर्टचा ‘युलिसिस’वरील अभ्यासग्रंथ बाहेर पडला. गिल्बर्ट हा ब्रह्मदेशात, म्हणजे तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानच्याच एका प्रांतात, न्यायाधीश होता. निवृत्तीनंतर पॅरिसला येऊन तो जॉइसच्या वर्तुळात सामील झाला. त्याच्या ग्रंथास लेखकाचे साहाय्य होते. प्रकरणांची होमरिक नावे व आराखड्यातील रकाने त्याने पद्धतशीरपणे मांडले आणि मूळ ग्रंथ दुर्मीळ असल्याने त्यातील लांबलचक उतारेही दिले. परिणामी इंग्रजी वाचकांच्या एका पिढीपुढे मूळ कादंबरी येण्यापूर्वी तिचे भाष्य आले. पुराणकथेची चौकट हीच कादंबरीची खरी प्रतिष्ठा, असा समज दृढ होण्यास बंदीचा असा हातभार लागला. अश्लीलतेच्या आरोपास उत्तर म्हणून होमरची साक्ष काढणे सोयीचे होते, हेही येथे विसरता येत नाही.

३

ही किल्ली प्रत्यक्ष कादंबरीला कितपत लागते, हे दोन उदाहरणांवरून पाहता येईल.

बाराव्या प्रकरणात बार्नी किअर्ननच्या मद्यालयात ब्लूमची गाठ ‘नागरिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका कडव्या राष्ट्राभिमान्याशी पडते. आराखड्याप्रमाणे हा एकाक्ष राक्षस पॉलिफीमस होय. ब्लूमच्या हातातील चिरूट म्हणजे त्या राक्षसाचा डोळा फोडणारा जळता खुंट, आणि शेवटी ब्लूमवर भिरकावलेला बिस्किटांचा डबा म्हणजे राक्षसाने जहाजावर फेकलेली शिळा. साम्य पटण्याजोगे आहे. परंतु अर्थ साम्यात संपत नाही. होमरचा नायक मद्य, कपट आणि शस्त्र यांच्या जोरावर सुटतो. ब्लूम मात्र कोणाचाही डोळा फोडत नाही. त्याचा चिरूट हा केवळ चिरूटच राहतो. द्वेषाच्या विरुद्ध जे काही आहे तेच खरे जीवन, एवढेच अडखळत सांगण्याचा तो प्रयत्न करतो आणि उपहासाचा धनी होतो. आंधळेपण येथे शत्रूवर लादलेले नसून शत्रूच्या दृष्टीतच मुळात आहे. तात्पर्य, पुराणकथेचे काम येथे तुलनेचे आहे, समीकरणाचे नव्हे. पत्नीच्या प्रियकराचा वध न करता मनाशी समजूत घालून निजणारा ब्लूम आणि पत्नीच्या विवाहेच्छूंची कत्तल करणारा युलिसिस यांच्यातील अंतर हाच कादंबरीचा नैतिक आशय आहे. तक्त्याच्या एका रकान्यात दोन नावे शेजारी शेजारी लिहिली, की नेमके हे अंतर दिसेनासे होते.

दुसरे उदाहरण प्रतीकाचे. चौथ्या प्रकरणात सकाळी घराबाहेर पडताना ब्लूम खिसा चाचपतो. अंत्ययात्रेस जावयाचे म्हणून त्याने काळे कपडे घातले आहेत. दाराची किल्ली दुसऱ्या विजारीत राहिली आहे. बटाटा मात्र खिशात आहे. हा बटाटा कशासाठी, याचा उलगडा तेथे होत नाही. शेकडो पृष्ठांनंतर, पंधराव्या प्रकरणातील वेश्यागृहाच्या प्रसंगी, तो आईची आठवण म्हणून जपलेला ताईत असल्याचे कळते. तेथील एक स्त्री तो काढून घेते. ब्लूमची मानहानी होते. पुढे तो बटाटा परत मागून घेतो. आराखडा जाणणारा वाचक म्हणेल, ही सर्सी या मायाविनीपासून रक्षण करणारी ‘मोली’ नामक वनस्पती होय. परंतु १९२० साली हे प्रकरण लिहीत असताना जॉइस स्वतःच मित्र फ्रँक बजेन यास पत्र लिहून ‘मोली’चा अर्थ काय घ्यावा याचा शोध घेत होता, आणि एकाऐवजी अनेक पर्याय मांडीत होता. लेखकालाही जे एकेरी नव्हते ते वाचकाने एकेरी का करावे? खिशात बटाटा बाळगल्यास संधिवात टळतो, ही लोकसमजूत होती. १८४५ पासूनच्या आयर्लंडमधील भीषण दुष्काळाचे कारण बटाट्यावरील रोगच होते. आईची माया, लोकवैद्यक, राष्ट्राची स्मृती आणि होमर हे सारे त्या क्षुद्र कंदात एकवटले आहे. प्रतीकास हे बळ आराखड्यातून लाभलेले नाही. दूरदूरच्या पृष्ठांवरील पुनरावृत्तीतून ते साठत गेले आहे.

त्याच सकाळी विसरलेल्या किल्लीचीही अशीच कथा आहे. पहिल्या प्रकरणात स्टीफन डेडलस बुरुजाची किल्ली मित्राच्या स्वाधीन करतो. ब्लूम दिवसभर कीज नामक व्यापाऱ्याच्या जाहिरातीसाठी परस्परांवर तिरप्या ठेवलेल्या दोन किल्ल्यांचे चित्र शोधीत हिंडतो. अखेर मध्यरात्रीनंतर दोघे किल्लीवाचून ब्लूमच्या दाराशी येतात. एकाने ती जाणूनबुजून सोडलेली असते, दुसऱ्याने विसरल्यामुळे.

४

असे दूरान्वय एकट्या वाचकाच्या स्मृतीस पेलणे कठीण असते. सहवाचनाची आवश्यकता येथूनच उत्पन्न झाली. जॉइसची पुढची कृती ‘फिनेगन्स वेक’ १९३९ साली प्रसिद्ध झाली, आणि १९४० च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात विल्यम यॉर्क टिंडल याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एक लहान गट जमवून तिचे वाचन सुरू केले. एका व्यक्तीचे ज्ञान येथे पुरे पडणार नाही, निरनिराळ्या भाषा व विषय जाणणारी माणसे एकत्र आली पाहिजेत, ही त्यामागील भूमिका होती. याच दशकात विरुद्ध दिशेचा प्रयत्नही झाला. जोसेफ कॅम्बेल व हेन्री मॉर्टन रॉबिन्सन यांनी १९४४ साली ‘वेक’चा सांगाडा उलगडणारी मार्गदर्शिका लिहिली. पुढे १९४९ साली कॅम्बेलने जगातील सर्व वीरकथांच्या मुळाशी एकच आदिबंध आहे असा सिद्धान्त मांडला, आणि त्यासाठी योजलेला शब्दही त्याने जॉइसच्याच ग्रंथातून उचलला. एक वृत्ती पृष्ठावरील शब्दापाशी थांबणारी, दुसरी सर्व कुलुपांना एकच किल्ली लावू पाहणारी.

पहिल्या वृत्तीची परंपरा झुरिक येथे विशेष रुजली. १९८५ साली स्थापन झालेल्या तेथील जॉइस प्रतिष्ठानात फ्रिट्झ सेन याच्या मार्गदर्शनाखाली साप्ताहिक वाचनगट वर्षानुवर्षे चालत आले. सेन हा विद्यापीठीय पंडित नव्हे. त्याने उमेदीची वर्षे मुद्रितशोधनाच्या व्यवसायात घालविली. काही ओळी मोठ्याने वाचाव्या, थांबावे, ज्यास जे दिसले ते त्याने सांगावे आणि ते शब्दांवर टिकते की नाही हे सर्वांनी पाहावे, एवढीच तेथील रीत. कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे १९९५ साली सुरू झालेल्या एका गटाने ‘वेक’चे वाचन २०२३ साली, अठ्ठावीस वर्षांनी, संपविले आणि ते पुन्हा आरंभापासून सुरू केले. या गटांनी एखादा अंतिम अर्थ सिद्ध केला असे नाही. अर्थाचा अधिकार आराखडा बाळगणाऱ्याच्या हातून काढून तो पृष्ठाकडे परत नेला, हे त्यांचे कार्य होय.

५

भारतीय विद्यार्थ्यास या इतिहासाचे महत्त्व दुहेरी आहे. होमर त्यास परका आहे, म्हणून तो तक्त्यावर अधिक विसंबतो. उलट, आर. के. नारायण यांच्या ‘मॅन-ईटर ऑफ मालगुडी’ या १९६१ मधील इंग्रजी कादंबरीत वासू हा आडदांड मनुष्य कपाळावरील डास मारताना स्वतःच्याच आघाताने मरतो, तेव्हा भस्मासुराची कथा आठवण्यास त्यास कोणत्याही तक्त्याची गरज पडत नाही. शिवाय ती कथा शास्त्री हे पात्र कादंबरीतच सांगते. म्हणजे येथे किल्ली दारालाच टांगलेली आहे. परंतु म्हणूनच येथेही तोच धोका संभवतो. ‘वासू म्हणजे भस्मासुर’ एवढे म्हटले, की नटराज या मुद्रकाची भीती, वासूविषयी त्यास वाटणारे आकर्षण आणि त्याचा भिडस्तपणा हे सारे दृष्टीआड होते. ओळखीची पुराणकथाही अनोळखी पुराणकथेइतकीच वाचन थांबवू शकते.

यावरून अध्यापनासाठी एक साधा निष्कर्ष निघतो. पुराणकथेचा शोध साम्यापासून सुरू व्हावा, परंतु भेदापाशी पोहोचल्याखेरीज तो पुरा मानू नये. प्रतीकाचा अर्थ त्याच्या पहिल्या उल्लेखावरून ठरवू नये, सर्व उल्लेख एकत्र ठेवून ठरवावा. आणि हे काम एकट्याने करण्यापेक्षा चार-सहा जणांनी मिळून, मोठ्याने वाचून करावे. लेखकाचा आराखडा टाकून देण्याचे कारण नाही. तो ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून मोलाचा आहेच. तो दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावा, इतकेच.