बुधला, बूच आणि बाटली

सतराव्या शतकात हिऱ्यांच्या खरेदीसाठी गोवळकोंड्याच्या राज्यात वारंवार येणारा फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए याचा प्रवासवृत्तांत १६७६ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. हिऱ्यांच्या खाणींच्या वर्णनासाठी हा ग्रंथ अभ्यासकांनी पुष्कळ चाळला आहे. परंतु भागनगराविषयी, म्हणजेच हैदराबादविषयी, लिहिताना त्याने ताडीच्या वाहतुकीची जी हकीकत सहज नोंदवून ठेवली आहे, तीही कमी मोलाची नाही. तो सांगतो की, चार-पाच लीगांवरून, म्हणजे सुमारे वीस किलोमीटरांच्या पल्ल्यावरून, ताडी कातड्याच्या बुधल्यांतून शहरात येई. प्रत्येक घोड्याच्या दोन्ही अंगांना एकेक बुधला असे. घोडे भरधाव दुडकत येत आणि असे पाचसहाशे घोडे रोज नगरात शिरत. या ताडीवरील करापासून सुलतानाला मोठे उत्पन्न होई, हेही सांगावयास तो विसरत नाही.

हे घोडे दुडकत का येत, याचे उत्तर ताडीच्या स्वभावात आहे. झाडावरून उतरल्या क्षणापासून ताडी आंबू लागते, तिच्यातून वायू सुटत राहतो, आणि एकदोन दिवसांत तिचा शिरका होतो. असा पदार्थ घट्ट बूच मारून काचेत कोंडला, तर बूच उडते किंवा काच फुटते. कातडे ताणले जाते, दबते, आदळले तरी तडकत नाही. दोन बाजूंना सारखे वजन, मध्ये घोड्याची पाठ आणि शक्य तितका कमी वेळ, अशी ती सोय होती. जुन्या मराठी घरांत तेलातुपासाठी जो बुधला असे, त्याचाच हा मोठा भाऊ म्हणावयास हरकत नाही. त्यात अडचण एकच, कातड्याचा वास द्रवाला लागतो. ताडी पिणाऱ्याला त्याचे काही वाटत नसावे. दरबारी अमिरांची रुची मात्र निराळी होती.

कुतुबशाही दरबाराचा इराणशी निकटचा संबंध होता आणि मछलीपट्टणच्या बंदरातून इराणी आखाताकडे गलबते जात-येत असत. शिराझचे द्राक्षमद्य त्या काळी साऱ्या पूर्वेत नावाजलेले. ते काचेच्या बाटल्यांत भरून, बाटल्यांभोवती पेंढा व काड्यांचे विणकाम घालून, पेट्यांतून हिंदुस्थानाकडे येई. अशा मोठ्या बाटलीला फार्सीत ‘कराबा’ म्हणत. इंग्रजांनी त्याच शब्दाचा ‘कारबॉय’ केला, आणि कारखान्यांत तेजाब साठविण्याच्या मोठ्या बाटलीला तेच नाव मिळाले. मद्याच्या वाटेने आलेला शब्द अखेर तेजाबाच्या कोठीत जाऊन बसला!

काच स्वच्छ असते, वास धरत नाही, पण धक्का सोसत नाही. पुढील तीनशे वर्षांतील सारी खटपट या एका दोषावर उपाय शोधण्याची आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी त्यावर काढलेली युक्ती आजही वाखाणावी अशी आहे. त्यांनी बाटली गोल न करता चौकोनी केली. खण पाडलेल्या लाकडी पेटीत चौकोनी बाटल्या एकेका खणात नेमक्या बसत. जहाज कितीही हेलकावले तरी बाटली बाटलीवर आपटण्यास जागाच उरत नसे. गोल बाटल्यांच्या मध्ये जी पोकळी राहते, तीच त्यांची वैरीण, हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात गोल बाटल्यांना पेंढ्याची शंकूसारखी टोपडी घालून पेट्या भरण्याची रीत पडली. तिच्यातही तत्त्व हेच.

पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी आणलेला प्रकार गोव्यात अजून पाहावयास मिळतो. ‘गार्राफांव’ म्हणजे वेताच्या जाळीत बसविलेली, फुगीर पोटाची मोठी काचेची बाटली. फेणी साठवावी ती हिच्यात. बाटलीचे तोंड बंद करणारे आपले ‘बूच’ हाही पोर्तुगीज ‘बुशा’ या शब्दाचाच अवतार होय. मद्य न शिवणारी मराठी माणसेही औषधाच्या बाटलीला बूच लावताना नकळत पोर्तुगीज बोलतात.

आता हीच फेणी गोव्याहून हैदराबादेस आणावयाची आहे असे समजा. काचीगुडा आणि उस्मानिया विद्यापीठ यांच्या शेजारी असलेल्या विद्यानगरातील एखादे कुटुंब गोव्यातील नातलगांच्या लग्नाहून परत निघते. निरोपाच्या वेळी हाती दोन बाटल्या पडतात. शमशाबादचा विमानतळ २००८ साली सुरू झाला. त्यापूर्वी विमाने बेगमपेठेस उतरत. घोड्याच्या पाठीऐवजी आता विमानाचे पोट आले. परंतु बाटलीला त्या पोटापर्यंत पोचविणारे सरकते पट्टे, हातगाड्या आणि सामान फेकणारे हात यांचा विचार केला, तर टॅव्हर्निएचे घोडेच अधिक मायाळू वाटतात.

उंचावर दाब कमी झाल्याने बाटली फुटते, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. प्रवासी विमानातील सामानाच्या कोठीतही बसण्याच्या जागेइतकाच दाब राखलेला असतो, आणि तो सुमारे आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावरील हवेहून सहसा कमी होत नाही. शँपेनची बाटली आतून पाच-सहा वातावरणांचा दाब नित्य सोसते. तिला याची काय तमा? मात्र सैल बुचाची बाटली या फरकाने पाझरू शकते. उष्णतेचे भय त्याहून मोठे. मद्यार्क तापला म्हणजे पाण्याच्या सुमारे पाचपट प्रसरण पावतो. वैशाखातील उन्हात धावपट्टीवर तापलेल्या पेटीत काठोकाठ भरलेली बाटली असेल, तर तिचे बूच ढिले होणार हे ठरलेलेच. म्हणून बाटलीच्या मानेत थोडी जागा रिकामी हवी.

बाकी रीत डचांचीच. बुचावर चिकटपट्टी आवळावी; बाटली प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक, घालून तोंड बांधावे, म्हणजे अपघात झालाच तरी लग्नातली पैठणी वाचेल. मग ती जाड कपड्यात गुंडाळावी. मानेभोवती वेढे अधिक द्यावेत, कारण बाटलीची मान बारीक आणि धक्क्याला हळवी. पेटीच्या मधोमध ठेवून चहूबाजूंनी मऊ कपडे ठासावेत. कडेला, चाकांपाशी किंवा बुटांच्या टाचेशी बाटली कदापि नसावी. दोन बाटल्यांमध्ये निदान घडी घातलेली सतरंजी हवी. शेवटी पेटी बंद करून हलवून पाहावी. आत काही सरकल्याचे जाणवले, तर ती पुन्हा उघडावी. हा शेवटचा उपचार कंटाळ्यापोटी टाळला जातो, आणि बहुतेक फुटक्या बाटल्यांचे मूळ तेथेच असते.

एवढे करूनही वेस ओलांडावयाची राहतेच. भागनगराच्या वेशीवर परक्याजवळ मीठ किंवा तंबाखू आहे काय याची कसून झडती होई, कारण राजाचे उत्पन्न त्यांवर होते, असे टॅव्हर्निएने लिहून ठेवले आहे. आजच्या वेशी दोन. एक अबकारी खात्याची. एका राज्यात कर भरलेले मद्य दुसऱ्या राज्यात नेण्याचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत, आणि ते निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागतात. परदेशाहून येणाऱ्यास सीमाशुल्काविना दोन लिटरांची मुभा आहे, ती वेगळी.

दुसरी वेस विमानाची, आणि तिचा संबंध आगीशी आहे. सत्तर टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेय सामानात मुळीच चालत नाही, कारण ते फार सहज पेट घेते. चोवीस ते सत्तर टक्क्यांपर्यंतचे मद्य दर माणशी एकूण पाच लिटर नेता येते. चोवीस टक्क्यांपर्यंतच्या मद्यावर विमानाच्या नियमांत असे बंधन नाही. काजूच्या पहिल्या धारेचे सौम्य हुर्राक बहुधा या वर्गात बसते. फेणी मात्र चाळिशीच्या पुढची, म्हणून मधल्या वर्गातली. या वर्गाला आणखी एक अट आहे. मद्य विक्रीच्या मूळ बाटलीतच हवे.

गोव्यातील खेड्यांत भट्टीवरची उत्तम फेणी जुन्या पाण्याच्या बाटलीत किंवा धुतलेल्या सरबताच्या बाटलीत भरून पाहुण्याच्या हाती दिली जाते. तिच्यावर चिठ्ठी नाही, मोहोर नाही, मद्यार्काचा आकडा नाही. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी या घरगुती बाटलीला तिकीट मिळत नाही. विद्यानगरच्या पाहुण्याने दुकानातून मोहोरबंद बाटली घेऊन ती कपड्यांत ठासून न्यावी, आणि आत्याने प्रेमाने दिलेली बाटली परत आत्याच्याच फळीवर ठेवून यावी, हेच बरे. आत्या रागावेल, तिला कोठीतल्या आगीची गोष्ट समजावून सांगणे हे बाटली बांधण्याहून कठीण काम आहे.