एक डिस्क गेली तरी कॉम्प्युटर सुरू व्हायला हवा: मिरर डिस्कवरून बूट कसं करायचं?

खरिपाचं धान घरात आलं की भंडारा जिल्ह्यातल्या आधारभूत धान खरेदी केंद्रांवर गर्दी सुरू होते. नोंदणी, सातबारा, वजन, पावती, चुकारे, सगळ्याच कामाला कॉम्प्युटर लागतो. तुमसरच्या राइस मिलचा हिशोब असो, साकोलीतलं सेवा केंद्र असो की पवनीतली पतसंस्था, बऱ्याच ठिकाणी सगळा भार एकाच कॉम्प्युटरवर असतो आणि त्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क असते एकच.

ती डिस्क ऐन हंगामात बंद पडली तर? नवी डिस्क आणायची, विंडोज टाकायचं, सॉफ्टवेअर, प्रिंटर, डिजिटल सही पुन्हा बसवायची. यात एक-दोन दिवस सहज जातात. तोवर रांगेतला शेतकरी ताटकळतो. हा खोळंबा टाळायचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे दोन डिस्कचा मिरर. पण तो नीट लावला नाही तर डेटा वाचतो आणि कॉम्प्युटर मात्र सुरू होत नाही. असं का होतं, ते समजून घेऊया.

मिरर म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क लावायच्या आणि जे काही लिहिलं जाईल ते दोन्हींवर एकाच वेळी लिहायचं. यालाच रेड-१ म्हणतात. एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं असतं आणि काम चालू राहतं.

‘रेड’ हे नाव रूढ झालं ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधामुळे. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा समूह वापरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मिररची युक्ती त्याआधीपासून वापरात होती. त्यांनी तिला ‘पातळी १’ म्हटलं.

जागा मात्र एकाच डिस्कएवढी मिळते. १ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तर वापरायला १ टीबीच. एक ५०० जीबीची आणि एक १ टीबीची लावली तर मिरर ५०० जीबीचा होतो.

मग अडचण कुठे येते?

अडचण बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत असते. त्या वेळी विंडोज किंवा लिनक्स अजून जागं झालेलं नसतं. मदरबोर्डवरचं यूईएफआय नावाचं छोटं सॉफ्टवेअर डिस्कवरचं एक लहान पार्टिशन शोधतं. त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. सिस्टीम सुरू करणारी फाइल त्यात असते.

सॉफ्टवेअरने केलेला मिरर यूईएफआयला कळत नाही. त्याला फक्त दोन सुट्या डिस्क दिसतात. तुमच्या फाइल्स दोन्ही डिस्कवर आहेत, पण ईएफआय पार्टिशन पहिल्याच डिस्कवर असेल, तर पहिली डिस्क गेल्यावर काय होईल? डेटा दुसऱ्या डिस्कवर सुखरूप असेल, पण स्क्रीनवर ‘बूट डिव्हाइस सापडलं नाही’ असा संदेश येईल. घर शाबूत आहे, पण किल्ली हरवली, अशी ही गत.

म्हणून नियम एकच: डेटा दोन्ही डिस्कवर, तसंच बूटही दोन्ही डिस्कवर.

मिरर लावायचे तीन मार्ग

१. मदरबोर्डचा रेड: अनेक इंटेल बोर्डांवर बायोसमध्ये ही सोय असते. विंडोज बसवण्याआधीच दोन डिस्कचा रेड-१ बनवायचा. यूईएफआयला मग एकच डिस्क दिसते आणि ईएफआय पार्टिशनचाही आपोआप मिरर होतो. टॅलीसारखं सॉफ्टवेअर विंडोजवर चालवणाऱ्या ऑफिससाठी हा सर्वांत सोपा मार्ग. विंडोज आधीच बसवलेलं असताना बायोसमधलं हे सेटिंग नुसतं बदललं तर ते सुरू होणं थांबू शकतं, म्हणून आधी बॅकअप घ्या. बोर्ड बदलायची वेळ आली तर त्याच प्रकारच्या रेडची सोय असलेला बोर्ड शोधावा लागतो.

२. विंडोजचा स्वतःचा मिरर: ही सोय प्रो आवृत्तीत मिळते, होममध्ये नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्हचा मिरर करता येतो. पण ईएफआय पार्टिशन दुसऱ्या डिस्कवर हाताने बनवावं लागतं. नेमकी हीच पायरी राहून जाते.

३. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड: खर्च शून्य, आणि डिस्क दुसऱ्या बोर्डला लावल्या तरी मिरर ओळखला जातो. उबुंटू सर्व्हर २०.०४ पासून इन्स्टॉलर दोन्ही डिस्कवर बूटची सोय करून देतो.

उबुंटू सर्व्हरवर पायऱ्या अशा

१. दोन्ही डिस्क रिकाम्या हव्यात. त्यांवरचं सगळं पुसलं जाणार आहे.

२. इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम स्टोरेज लेआउट’ निवडा.

३. पहिल्या डिस्कवर ‘यूज अ‍ॅज बूट डिव्हाइस’ आणि दुसरीवर ‘अ‍ॅड अ‍ॅज अनदर बूट डिव्हाइस’ निवडा. दोन्हींवर ईएफआय पार्टिशन तयार होतं. सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच.

४. उरलेल्या जागेत दोन्ही डिस्कवर सारख्याच आकाराचं पार्टिशन करा, पण फॉरमॅट करू नका.

५. ‘क्रिएट सॉफ्टवेअर रेड’मध्ये पातळी १ निवडून ही दोन पार्टिशन जोडा. तयार झालेल्या मिररवर ईएक्सटी४ फॉरमॅट करून सिस्टीम बसवा.

डेबियन वापरत असाल तर दुसऱ्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशन आणि ग्रब बूटलोडर स्वतः बसवावं लागतं.

चाचणी केल्याशिवाय विश्वास नको

मिरर लावला, पण तपासला नाही, तर तो आहे की नाही हे संकटाच्या दिवशीच कळतं. म्हणून काम सुरू करण्याआधी चाचणी घ्या.

दोन्ही डिस्कचा मेळ पूर्ण होऊ द्या. कॉम्प्युटर बंद करून वीज काढा, पहिल्या डिस्कची केबल काढा आणि सुरू करा. थोडा जास्त वेळ लागेल, पण सिस्टीम चालू झाली पाहिजे. मग बंद करून केबल परत लावा, ती डिस्क मिररमध्ये पुन्हा जोडा आणि मेळ पूर्ण होईपर्यंत थांबा. त्यानंतरच दुसऱ्या डिस्कची चाचणी घ्या. घाई केली तर दोन डिस्कवर दोन वेगवेगळ्या प्रती तयार होतात आणि खरी कोणती, हा नवा घोळ होतो.

डिस्क गेली हे कळणार कसं?

मिररचा गुण तोच त्याचा धोका. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. काही महिन्यांनी दुसरी गेली की सगळंच संपतं. म्हणून ईमेल सूचना चालू करा. नाहीतर दर सोमवारी मिररची स्थिती बघायची सवय एका माणसाला लावा.

बिघडलेली डिस्क बदलताना डेटा नव्या डिस्कवर उतरला की काम झालं असं समजू नका. नव्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन आणि बूटलोडर पुन्हा बसवावंच लागतं. बोर्डाच्या रेडमध्ये तेवढी कटकट नसते. शिवाय सुरुवातीलाच दोन वेगळ्या कंपन्यांच्या किंवा वेगळ्या वेळी घेतलेल्या डिस्क लावा. एकाच खोक्यातल्या दोन डिस्क एकाच सुमारास बिघडण्याची शक्यता जास्त असते.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

चुकून फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फाइल्स कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडे होतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराचं पाणी भंडारा शहरात शिरलं होतं. असं पाणी ऑफिसात आलं तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क एकत्रच बुडतात. चोरी, आग किंवा विजेचा मोठा झटका, यातही तेच.

म्हणून रोजच्या हिशोबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत, उंचावर ठेवा. सोबत यूपीएसही हवा, कारण लिहिणं चालू असताना वीज गेली तर मिरर असूनही फाइल अर्धवट राहू शकते.

थोडक्यात, डिस्क बिघडली तरी आजचं काम चालू ठेवायचं काम मिररचं, आणि कालचा डेटा परत मिळवून द्यायचं काम बॅकअपचं. धान खरेदीचा हंगाम सुरू होण्याआधी दोन्हींची तपासणी एकदा करून घ्या.