विजयाचे गाणे आणि मृतांची जागा

स्टालिनग्राडची लढाई २ फेब्रुवारी १९४३ रोजी संपली. त्याच सुमारास मुंबईच्या कापडगिरणीत राबलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी तिच्यावर मराठीत पोवाडा रचला. पुढे त्याचा रशियन भाषेत अनुवादही झाला. १९७५ साली इटलीतील मिलान शहराच्या ‘स्टॉर्मी सिक्स’ या रॉक गायक-वादकांच्या संचाने एक ध्वनिमुद्रिका काढली. तिचे नाव ‘ट्रामचे एक तिकीट’, आणि तिच्यातील पहिलेच गीत ‘स्टालिनग्राड’. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन देशांतील गायकांना एकाच शहराने गाणे सुचवावे, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

पोवाडा हा आपल्याकडील जुना प्रकार. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा थेट शिवकाळातला. वीराची कीर्ती गावी, ऐकणाऱ्याचे रक्त सळसळावे, हा त्याचा धर्म. अण्णाभाऊंनी या जुन्या पात्रात नवा आशय ओतला. राजाऐवजी कामगार आणि सामान्य शिपाई त्यांच्या पोवाड्याचे नायक झाले. १९४४ साली अण्णाभाऊ, द. ना. गव्हाणकर व अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अमर शेख बार्शीचे. बार्शी इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात. तिच्या पूर्वेस निजामाची हद्द सुरू होई, आणि त्या हद्दीत होता तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजेच आजचा धाराशिव जिल्हा.

मिलानच्या तरुणांनी हाच मार्ग धरला, परंतु ते विजयापाशी थांबले नाहीत. फ्रांको फाब्री, उंबेर्तो फिओरी आणि त्यांच्या सोबत्यांनी देशाच्या मुक्तीला तीस वर्षे होत असताना ही गीते गायिली. १९४३ च्या मार्चमधील कारखान्यांचे संप त्यांत आहेत. तूरिन शहरी १९४४ च्या मे महिन्यात मारला गेलेला दान्ते दी नान्नी हा एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. डोंगरातले व्हिंका हे खेडेही आहे. १९४४ च्या ऑगस्टअखेर जर्मन सैनिक आणि त्यांचे इटालियन साथीदार यांनी तेथे दीडशेहून अधिक माणसे मारली. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्धच पुष्कळ होते. आणखी एका गीताचे नावच ‘मृतांचे दफन’ असे आहे. ज्या तबकडीचा आरंभ विजयाने होतो, तिला पुढे मृतांपाशी जावेच लागते, असे त्या गायकांनी जाणले.

इटलीचे ते युद्ध आपल्यालाही परके नव्हते. व्हिंकाच्या हत्याकांडापूर्वी दीड महिना, १० जुलै १९४४ रोजी, तिबेर नदीच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याबरोबर गेलेल्या कितीतरी मराठी शिपायांची नावे आज तिकडच्या दफनभूमीतील दगडांवरच उरली आहेत.

महायुद्ध संपले आणि तीन वर्षांत युद्ध आमच्या उंबरठ्याशी आले. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, आणि रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरलाच वकिली करी. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. घरेदारे सोडून लोक इंग्रजी मुलखात, आणि स्वातंत्र्यानंतर भारताच्या हद्दीत आले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून निघाली. पहिली चकमक नळदुर्गास झडली. बोरी नदीवरील पूल उडवला जाण्यापूर्वीच फौजेने ताब्यात घेतला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. जुलमी सत्ता गेली. त्या विजयाचे पोवाडे व्हावेत हे रास्तच होते, आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी ते अभिमानाने गायिले जावेत हेही रास्तच आहे.

परंतु इतिहास तेथे संपत नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानात हिंडून चौकशी केली. पोलीस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असा तिचा अंदाज होता. मृतांत मुसलमान बहुसंख्य होते. रझाकारांच्या अपराधाची किंमत ज्यांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता अशांनीही मोजली. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत समितीने उस्मानाबादचे नाव घेतले. उरलेले तीन गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. अहवालात आणखी एक नोंद आहे, ती आम्हांस मोलाची वाटते. काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचविले.

शाहिराला वीर हवा असतो. तो येथे उभा आहे, परंतु त्याच्या हाती तलवार नाही. रझाकारांनी मारलेला शेतकरी आणि सूडापोटी मारलेला विणकर यांना एकाच गाण्यात आणणे सोपे नाही. एकाचे नाव घेतले की दुसऱ्याची बाजू सोडली, असे म्हणणारे दोहीकडे भेटतात. इटलीतही असे वाद झाले. तरीही व्हिंकाचे गाणे झाले, आणि मुक्तीच्या गीतांच्याच रांगेत ते बसले. त्याने मुक्तीचे तेज उणे झाले नाही.

तुळजापूर याच जिल्ह्यात आहे. पोवाड्याच्या आरंभी ज्या भवानीला शाहीर वंदन करतो, तिचे ठाणे तेथे. त्याच भूमीत विजयाच्या डफावर थाप पडेल, तेव्हा एक कडवे त्या मृतांसाठी असावे आणि दुसरे दार उघडून शेजाऱ्याला आत घेणाऱ्यासाठी. ते रचणारा शाहीर धाराशिवच्या मातीतूनच यावा, असे आम्हांस वाटते.