उनास राजाचा पिरॅमिड

कैरोस गेलेला प्रवासी गीझाचे तीन पिरॅमिड पाहतो आणि बहुधा समाधानानें परततो. तेथून दक्षिणेस कांहीं कोसांवर सक्कारा आहे. तेथें जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडाशेजारीं एक ढासळलेली टेकडी दिसते. ती पांचव्या राजवंशाचा शेवटचा राजा उनास याची समाधि. काळ इसवी सनापूर्वीं सुमारें २३५० चा. खुफूचा पिरॅमिड मूळचा १४६ मीटर उंच. हा अवघा ४३ मीटरांचा.

परंतु खुफूच्या समाधिगृहांत धर्मवचनाचें एक अक्षर नाहीं. येथें मात्र उत्तरेकडील चिंचोळ्या उतारानें वांकून आंत शिरावें, तों भिंतीच्या भिंती चित्रलिपीनें भरलेल्या! अक्षरांत निळा रंग भरलेला, छतावर तारे, आणि पश्चिमेच्या टोकास काळसर दगडाची शवपेटी. १८८१ मध्यें मास्पेरो या फ्रेंच पंडितानें ही समाधि उघडली. ईजिप्तमधील राजसमाधींत कोरलेले सर्वांत जुने मंत्र ते हेच.

या मंत्रांना राजाचें मरण मुळीं मान्यच नाहीं. तो ताऱ्यांत जाऊन बसतो. एका सूक्तांत तर तो देवांनाच शिजवून खातो व त्यांचें सामर्थ्य पोटांत घेतो! कल्पना बीभत्स खरी. पण याच भिंतींवर सापांपासून रक्षण करणारे मंत्रही आहेत. देवांना गिळणाऱ्या राजासही सापांची धास्ती होतीच.

बाहेर मंदिराकडे येणारा लांब फरसबंद मार्ग आहे. त्याच्या भिंतींवर आस्वानहून नौकांतून येणारे ग्रॅनाइटचे खांब कोरलेले आहेत. हाडें वर आलेलीं भुकेकंगाल माणसेंही आहेत. त्यांवरून उनासच्या राज्यांत दुष्काळ पडला असावा, असा तर्क केला जाई. पुढें अबुसीर येथें, त्याच्याहून शतकभर जुन्या साहुरे राजाच्या मार्गावर, तसेंच दृश्य सांपडलें आणि तो तर्क लंगडा पडला.

उनासनंतर हजाराहून अधिक वर्षांनीं दुसऱ्या रामसेसचा पुत्र खाएमवासेत याला जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराचा ध्यास लागला. या पिरॅमिडावर राजाचें नांव आढळलें नाहीं, म्हणून त्यानें दक्षिणेच्या अंगास तें मोठ्या अक्षरांत कोरविलें. तो लेख आजही तेथें आहे. आंतल्या काळोखांत मात्र तेंच नांव भिंतींवर जागोजाग कोरलेलें होतें.