समलिंगी तरुण, देशाचा कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण



पुणे हे विद्येचे माहेरघर. वसई, श्रीरामपूर, सोलापूर, कोल्हापूर अशा ठिकाणांहून शेकडो ख्रिस्ती मुलेमुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी येथे येतात. गावच्या धर्मग्रामापासून दूर राहत असताना त्यांच्यापैकी काहींना स्वतःविषयीची एक गोष्ट पहिल्यांदाच स्पष्टपणे उमगते किंवा पहिल्यांदाच ती बोलून दाखवावीशी वाटते. आपल्याला विरुद्ध लिंगाच्या व्यक्तीविषयी नव्हे, तर समान लिंगाच्या व्यक्तीविषयी ओढ वाटते, ही ती गोष्ट होय. सुट्टीत घरी गेल्यावर मुलगा आईला हे सांगतो, आई रात्रभर रडते आणि दुसऱ्या दिवशी आईवडील धर्मगुरूंकडे धाव घेतात. "फादर, आता आम्ही काय करावे?" हा त्यांचा प्रश्न असतो.

या प्रश्नाला दोन चुकीची उत्तरे दिली जातात. ख्रिस्तसभा अशा मुलाला गुन्हेगार आणि शापित मानते, म्हणून त्याच्याशी संबंध तोडावा, हे पहिले उत्तर. ख्रिस्तसभेने आपली शिकवण आता पूर्णपणे बदलली आहे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांना आधार नाही. म्हणून कायदा, धार्मिक विरोधाचा इतिहास आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांविषयीची खात्रीशीर माहिती आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

कलम ३७७ चा प्रवास

ब्रिटिश राजवटीत १८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली व १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. तिच्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंध हा गुन्हा ठरविला. त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास, प्रसंगी जन्मठेप, अशी शिक्षा होती. दोन प्रौढ व्यक्तींची परस्परसंमती असली तरी त्याने गुन्ह्यात फरक पडत नव्हता. प्रत्यक्ष खटले थोडेच झाले, परंतु धमकावणे, पैसे उकळणे आणि बदनामीची भीती घालणे यांसाठी या कलमाचा उपयोग होत राहिला.

नाझ फाउंडेशन या संस्थेने २००१ साली दिल्ली उच्च न्यायालयात या कलमाला आव्हान दिले. २ जुलै २००९ रोजी सोलापूरचे सुपुत्र मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी, प्रौढांच्या संमतीने खासगीत झालेल्या संबंधांना हे कलम लागू होणार नाही, असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो फिरविला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने २०१३ चा निर्णय रद्द केला आणि प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील या पीठात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती अजय खानविलकर हेही होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमाला जागाच उरलेली नाही.

विवाहाचा प्रश्न निराळा आहे. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता मिळावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी फेटाळली व हा विषय विधिमंडळाच्या अखत्यारीतला असल्याचे सांगितले. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये नामंजूर झाल्या.

धर्माच्या नावाने झालेला विरोध

२००९ च्या निर्णयानंतर एक विलक्षण दृश्य दिसले. एरवी एका व्यासपीठावर न येणाऱ्या अनेक धार्मिक संघटना त्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात एका बाजूला उभ्या राहिल्या. ज्योतिषी सुरेशकुमार कौशल यांच्या याचिकेसोबत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, क्रांतिकारी मनुवादी मोर्चा पार्टी, अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल यांच्याही याचिका होत्या. २०१८ च्या सुनावणीतही काही ख्रिस्ती संघटनांनी कलम कायम ठेवावे, अशी बाजू मांडली. कुटुंबसंस्था धोक्यात येईल, तरुण पिढी बिघडेल आणि धर्मग्रंथांचा अवमान होईल, अशी भीती त्यांच्या युक्तिवादात होती.

या याचिकाकर्त्यांमध्ये भारतीय कॅथलिक धर्माध्यक्ष परिषद नव्हती, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. २०१३ च्या निकालानंतर परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष आणि मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी निवेदन केले. ख्रिस्तसभेचा समलिंगी विवाहाला विरोध आहे, मात्र समलिंगी व्यक्तींना तिने कधी गुन्हेगार मानलेले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. प्रोटेस्टंट बांधवांमध्येही एकच मत नव्हते. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या संस्थेने लैंगिकतेच्या विषयावर चर्चांमध्ये अभ्यास व संवाद व्हावा यासाठी कार्य केले आहे.

त्याच न्यायालयात दुसऱ्या बाजूला समलिंगी मुलांचे काही आईवडीलही उभे होते. त्यांत मराठी रंगभूमी व चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ कलावती चित्रा पालेकर होत्या. या कायद्यामुळे आमची मुले, आणि मुलांसोबत आमची घरेही, भीतीच्या छायेत जगतात, असे या पालकांचे गाऱ्हाणे होते. कुटुंब वाचविण्यासाठी कायदा हवा, असे एक पक्ष म्हणत होता, तर याच कायद्याने आमचे कुटुंब मोडते आहे, असे हे पालक सांगत होते. या दोन दाव्यांपैकी दुसरा आपण धर्मग्रामांत क्वचितच ऐकून घेतला, हे आम्हांस मान्य केले पाहिजे.

पुण्यातील आणि मराठीतील चर्चा

हा विषय परदेशातून परवा परवा आला, असे समजणे बरोबर नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघडपणे उत्तरे दिली जात. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. कर्व्यांना दंड झाला. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आले. समलिंगी ओढ असलेली तरुणी त्याच्या केंद्रस्थानी होती.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. समुपदेशन आणि आरोग्यविषयक मार्गदर्शनासोबत त्यांनी मराठीत या विषयावर सातत्याने लेखन केले. 'पार्टनर' ही त्यांची कादंबरी अनेक मराठी तरुणांना आपल्या भाषेत आपली गोष्ट सांगणारी वाटली. ११ डिसेंबर २०११ रोजी पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. या सर्व कार्यातील प्रत्येक भूमिकेशी ख्रिस्तसभा सहमत नाही. तथापि ज्या मुलांना घरात आणि मंदिरात बोलायला जागा मिळाली नाही, त्यांचे ऐकून घेणारे कोणीतरी या शहरात होते, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण नेमकी काय आहे?

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३५७ ते २३५९ या परिच्छेदांत तिचा सारांश आहे. शरीरसंबंधाचे स्थान स्त्री व पुरुष यांच्या विवाहात आहे, म्हणून समलिंगी शरीरसंबंधांना ख्रिस्तसभा मान्यता देऊ शकत नाही, हा पहिला भाग. अशी ओढ असलेल्या व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार झाला पाहिजे व त्यांच्याविषयी अन्यायकारक भेदभावाची कोणतीही खूण राहता कामा नये, हा दुसरा भाग. प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीप्रमाणे त्यांनाही शुद्धतेचे पाचारण आहे, हा तिसरा भाग. ओढ वाटणे आणि कृती करणे यांत ही शिकवण फरक करते. केवळ ओढ असणे हे पाप नव्हे. या ओढीचे मानसिक मूळ बहुतांशी अज्ञात आहे, असेही तो ग्रंथ सांगतो.

पवित्र शास्त्रातील लेवीय १८ व २०, रोमकरांस पत्र १, करिंथकरांस पहिले पत्र ६ व तीमथ्याला पहिले पत्र १ या अध्यायांतील वचनांचा या संदर्भात आधार घेतला जातो. सदोमचा प्रसंगही सांगितला जातो. परंतु यहेज्केल संदेष्ट्याने १६ व्या अध्यायात सदोमच्या पापांमध्ये गर्व, सुखासीनता आणि गरिबांकडे केलेले दुर्लक्ष यांची गणना केली आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. करिंथकरांस पत्रातील त्याच यादीत लोभी, मद्यपी आणि निंदक यांचाही समावेश आहे. निंदकाला आपण घराबाहेर काढत नाही.

व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत मंडळाने १९८६ साली बिशपांना लिहिलेल्या पत्रात समलिंगी व्यक्तींवर होणाऱ्या हिंसेचा आणि अपशब्दांचा निषेध केला. डिसेंबर २००८ मध्ये व्हॅटिकनच्या प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रसंघात अशा व्यक्तींना फौजदारी शिक्षा देणारे कायदे रद्द व्हावेत, असे मत मांडले. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीत समलिंगी असणे हा गुन्हा नाही, असे सांगून ते कायदे अन्याय्य ठरविले. १८ डिसेंबर २०२३ च्या घोषणापत्राने अशा जोडप्यांना विवाहविधीचा आभास होणार नाही अशा प्रकारे साधा आशीर्वाद देण्यास मुभा दिली. आफ्रिकेतील धर्माध्यक्षांनी त्यास नकार दर्शविला. विवाहाविषयीची शिकवण मात्र त्या घोषणापत्रातही कायम आहे. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी प्रतिष्ठेविषयीच्या दस्तऐवजात लैंगिक कलामुळे कोणाला तुरुंगवास, छळ किंवा मृत्यू भोगावा लागणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असे म्हटले आहे. त्याच दस्तऐवजात लिंगभावविषयक नव्या सिद्धांतांवर टीकाही आहे.

ही शिकवण सर्वांना पटते, असा आमचा दावा नाही. समलिंगी ओढ असलेल्या अनेक श्रद्धावंतांना धर्मशिक्षण ग्रंथातील काही शब्दच जिव्हारी लागतात. आजन्म एकाकी राहण्याचे पाचारण त्यांना जड वाटते. ते ओझे आपल्या खांद्यावर नसताना त्याविषयी सहजपणे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हा आजार आहे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. भारतीय मानसोपचार संघटनेनेही २०१८ साली हा आजार नसल्याचे जाहीर केले. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी लैंगिक कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असे 'उपचार' व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. म्हणून मुलाला विजेचे झटके, औषधे किंवा घाईघाईचे लग्न यांच्या आधारे 'बरे' करू पाहणे चुकीचे आहे. अशा लग्नात फसवणूक होते ती एका निष्पाप मुलीची किंवा मुलाची, आणि विवाह संस्काराचीही. भूतबाधा समजून प्रार्थनासभांतून हात ठेवून फिरविणे हेही तितकेच घातक होय. प्रार्थना मुलासोबत करावी; त्याला शिक्षा म्हणून त्याच्यावर लादू नये.

पालकांनी काय करावे?

२६ जानेवारी २०२२ रोजीच्या जाहीर भेटीत पोप फ्रान्सिस यांनी निरनिराळ्या संकटांतील पालकांचा उल्लेख करताना मुलांचा वेगळा लैंगिक कल लक्षात आलेल्या पालकांचेही नाव घेतले. त्यांनी मुलांची सोबत करावी, धिक्काराच्या आड लपू नये, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. अमेरिकेतील बिशपांच्या समितीने १९९७ साली पालकांना उद्देशून काढलेल्या संदेशाचाही सूर हाच होता.

तेव्हा आमची नम्र विनंती अशी. मुलाने किंवा मुलीने ही गोष्ट सांगितली, तर प्रथम शांतपणे ऐकून घ्यावे. त्याने आपल्यावर विश्वास टाकला आहे, हे ध्यानात ठेवावे. त्याच्या संमतीवाचून ती गोष्ट नातेवाइकांना, शेजाऱ्यांना किंवा प्रार्थना गटाला सांगू नये. शिक्षणाचा खर्च थांबवू नये. घराचे दार बंद करू नये. मिस्साला येण्यापासून, गायकवृंदात गाण्यापासून त्याला कोणी परावृत्त करू नये. मूल निराश दिसले, जगण्याविषयी उदास बोलू लागले, तर वेळ न दवडता मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठी निःशुल्क उपलब्ध आहे.

आम्हा धर्मगुरूंनाही हे लागू आहे. प्रवचनाच्या व्यासपीठावरून केलेला एखादा विनोद शेवटच्या बाकावर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला कायमचा मंदिराबाहेर नेऊ शकतो. तो कोण आहे हे आम्हांस माहीत नसते. परंतु तो तेथे आहे, हे गृहीत धरूनच आम्ही बोलले पाहिजे.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याने मुलाला दुरूनच पाहिले, कारण तो वाट पाहत होता. आमच्या समोरचा हा तरुण तर घर सोडून गेलेलाही नाही. तो उंबऱ्यावर उभा राहून आपल्याशी बोलतो आहे. त्याला आत घेण्याची सुबुद्धी प्रभू येशू आपल्या सर्व कुटुंबांना देवो.