कबड्डीतील गंभीर नियमभंग व दंडविधान

कबड्डीच्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या श्वासास, शरीरास अथवा पंचांच्या अधिकारास बाधा आणणारे जे वर्तन, त्यास गंभीर नियमभंग अशी संज्ञा देता येईल. पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, अलिबाग-पेणपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या आगरी-कोळी गावांत हा खेळ गावकीच्या प्रतिष्ठेशी निगडित असल्यामुळे, तेथील चुरशीच्या सामन्यांत या दंडविधानाचे महत्त्व विशेष आहे.

स्वरूप : चढाईपटू एका दमात ‘कबड्डी’चा अखंड उच्चार करीत एकटाच प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, सबब त्याचा श्वास हाच त्याचा परवाना होय. त्याचे तोंड दाबणे, गळा आवळणे किंवा इजा होईल अशी हिंसक पकड करणे बेकायदा असून अशा पकडीत तो बाद ठरत नाही. पकड हातपाय व धड यांचीच करता येते. केस वा कपडे धरणे निषिद्ध आहे. कोपरारक्षकाने झेपावून चढाईपटूचा घोटा दोन्ही हातांनी जखडला तर ती पकड कौशल्याची गणली जाते. परंतु त्याच रक्षकाने स्वतःच्या दोन्ही पायांची कैची चढाईपटूच्या गुडघ्याभोवती घालून त्यास पाडले, तर सांधा निखळण्याचे भय असल्याने तो कसूर ठरतो. चढाईपटूस हेतुपुरस्सर मैदानाबाहेर ढकलणारा रक्षक स्वतः बाद होतो.

दंड : हिरवे कार्ड म्हणजे तंबी, पिवळे म्हणजे २ मिनिटांची तात्पुरती हकालपट्टी आणि लाल म्हणजे उर्वरित सामन्यातून बरखास्ती. हिरवे कार्ड दुसऱ्यांदा मिळाल्यास पिवळे, पिवळे दुसऱ्यांदा मिळाल्यास लाल, असा चढता क्रम आहे. यांखेरीज प्रतिपक्षास तांत्रिक गुण बहाल करण्याचा अधिकार पंचांस असून अखेरचा फैसला सरपंचाचा असतो.

तुलना : १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ याने बास्केटबॉलची जी तेरा कलमे रचली, त्यांतील पाचव्या कलमानुसार, इजा करण्याचा उघड हेतू दिसल्यास खेळाडूस संपूर्ण सामन्यातून वगळून त्याच्या जागी दुसरा घेण्यास मनाई होती. आज त्या खेळात अपात्र खेळाडूची जागा राखीव खेळाडू घेतो व प्रतिपक्षास दोन मुक्त फेका आणि चेंडूचा ताबा मिळतो. कबड्डीने मात्र पहिली कठोरता कायम राखली आहे : निलंबित वा बरखास्त खेळाडूऐवजी बदली मिळत नाही आणि सातांच्या संघास कमी बळावर लढावे लागते. एकाच्या अविचाराचा भार असा साऱ्या संघावर पडत असल्यामुळे, पंचांची शिट्टी वाजण्यापूर्वीच आपल्या खेळाडूस आवरणे हे संघनायकाचे आद्य कर्तव्य ठरते, आणि शिक्षेपेक्षा शिस्त श्रेष्ठ मानणाऱ्या या दंडविधानाचे खरे साफल्य त्यातच आहे.