जुनी गाणी : आठवण आणि इतिहास



विषय ऐकून काहींना वाटलं असेल की आज सरांबरोबर गाणीही होणार. तसं काही नाही. माझा गळा माझ्या विद्यार्थ्यांनी वर्गात पुरेसा सोसला आहे. आज फक्त बोलायचं आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, इतिहासाच्या शेतात शिरतो आहे. बांध ओलांडला तर समजून घ्या.

आपल्या सोलापुरात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम कधी पडत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात व्याख्यान असलं की मागच्या रांगा मोकळ्या असतात, आणि ‘सुवर्णकाळातली गाणी’ असा फलक लागला की पायऱ्यांवर बसायची पाळी येते. मीही बसलो आहे. निवेदक एक वाक्य हमखास म्हणतो, ‘ती गाणी, ती माणसं, तो काळ आता होणे नाही.’ टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत. पण घरी परतताना रिक्षात प्रश्न पडतो. हे वाक्य गाण्याबद्दल आहे, काळाबद्दल आहे, की माझ्याबद्दल? तिन्ही एकदम कसं खरं असेल?

आधी काळाला विचारू. जी गाणी आज आपण सुवर्ण म्हणतो, त्यांना त्या काळातले जाणते लोक काय म्हणत होते?

1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शिकलेले, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. चित्रपटगीतं लोकांची अभिरुची बिघडवतात असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी कमी कमी होत गेली. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, ती जाहिरात होते, असा दंडक. त्यावरून निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ बंदच पडली. म्हणजे बघा, नौशाद, शंकर-जयकिशन, सी. रामचंद्र, अनिल विश्वास ऐन भरात असताना सरकारी रेडिओला त्यांचं वावडं होतं!

मग लोकांनी काय केलं? काटा फिरवला. महायुद्धात सैनिकांसाठी कोलंबोला जबरदस्त शॉर्टवेव्ह प्रक्षेपक उभे राहिले होते, ते पुढे रेडिओ सिलोनच्या हाती आले. त्यावरून 1952 च्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बोलायचे, ध्वनिमुद्रण विमानानं कोलंबोला जायचं आणि तिथून बुधवारी रात्री आठ वाजता ते समुद्र ओलांडून आपल्याकडे यायचं. मधे खरखर, आवाज लाटेसारखा वर-खाली. कुठलं गाणं कितव्या ‘पायदान’वर, यावर दुसऱ्या दिवशी कॉलेजात वाद. शेवटी सरकारनंही 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू केली. झुमरीतलैया नावाचं गाव नकाशात कुठे आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, पण तिथले लोक फर्माईश पाठवतात हे पाठ होतं.

यात एक गंमत आहे. आकाशवाणीला चित्रपटगीत नको होतं, सुगम संगीत हवं होतं. त्याच काळात 1 एप्रिल 1955 ला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. वर्षभर, छप्पन्न गाणी. लिहिणारे गदिमा, चाल लावणारे सुधीर फडके. दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले! म्हणजे समोरच्या दारानं ज्यांना अडवलं, त्यांच्याच हातची मूर्ती देव्हाऱ्यात बसली. अभिजात आणि बाजारू या भिंती आपण समजतो तेवढ्या पक्क्या कधीच नव्हत्या.

आता सोलापूरकडे येऊ. आपल्या गावानं हा खेळ फार पूर्वी पाहिला आहे. पेशवाईच्या उत्तरार्धातले शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचे. थोरले बंधू मुद्गल जोशी कीर्तन-पुराण सांगणारे, आणि धाकटा लावणीच्या फडावर जातो! घरानं त्यांना बाहेर काढलं असं परंपरा सांगते. त्या काळचं बाजारू गाणं ते हेच. पुढे दीडशे वर्षं उलटली आणि 1947 साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट आला. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, गाणी गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं. ज्या लावणीपायी घर सुटलं, ती आता सहकुटुंब बघण्याची गोष्ट झाली. आणि आज? आज त्या बोलपटाची गाणी जुनी म्हणून आपण हळहळतो. एका हळहळीच्या पोटात दुसरी.

दुसरा प्रसंगही सोलापूरचाच. 9 सप्टेंबर 1938. मास्टर दीनानाथ मंगेशकरांबरोबर त्यांची मुलगी आपल्या गावात रंगमंचावर गायली. अजून नऊ वर्षंही पूर्ण झाली नव्हती तिला. हा आपला पहिला शास्त्रीय कार्यक्रम, असं लताबाईंनी वृद्धापकाळी, त्या वेळच्या छायाचित्रासह आठवणीनं सांगितलं होतं. तुम्ही त्या रात्रीचे श्रोते डोळ्यांपुढे आणा. 1931 ला ‘आलम आरा’, 1932 ला ‘अयोध्येचा राजा’. बोलपट आला आणि संगीत नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. त्या प्रेक्षकांतल्या रसिकांच्या मनात काय असेल? माझी खात्री आहे, ते म्हणत असतील, संपलं सगळं, गाण्याचा सुवर्णकाळ गेला. आणि पुढचा सुवर्णकाळ त्यांच्या समोर फ्रॉक घालून उभा असेल, तंबोऱ्याएवढा!

म्हणून मी तरुणांना सांगतो, ‘आता काही उरलं नाही’ असं म्हणणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. मीही त्यातच आलो. दोन साध्या गोष्टी ध्यानात ठेवा. एक, काळ हा मोठा चाळणीवाला आहे. 1955 सालीही रद्दी गाणी निघतच होती, ती चाळणीतून पडून गेली. आपण उरलेल्या दाण्यांशी आजच्या अख्ख्या पोत्याची तुलना करतो. दोन, मानसशास्त्रज्ञ सांगतात की उतारवयातल्या माणसाला आयुष्यातलं काहीही आठवायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. म्हणजे प्रत्येकाचा सुवर्णकाळ त्याच्या मिसरुडाबरोबर फुटतो. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या ‘सैराट’ची गाणी 2016 ची. आज त्यावर नाचणारी पोरं 2060 साली याच सभागृहात रुमाल डोळ्यांना लावतील. तेव्हा त्यांना हसू नका. अर्थात तेव्हा आपण नसू.

मग हे प्रेम खोटं का? नाही. इथे मला माझ्या विषयात शिरावं लागेल. थोडंसंच.

1688 साली योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यानं बाझेलला प्रबंध लिहिला. घराबाहेर राहिलेली स्विस माणसं झुरतात, त्या रोगाला त्यानं ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव बनवलं. परतणं आणि वेदना असे दोन ग्रीक शब्द जोडून. रोग, बरं का! पुढे रूसोनं आपल्या संगीतकोशात स्विस गुराख्यांच्या एका सुरावटीची हकीकत दिली. ती ऐकली की परदेशी चाकरीतले स्विस सैनिक रडत, पळून जात, म्हणून ती वाजवायला बंदी घातली होती. पण रूसोचं पुढचं निरीक्षण महत्त्वाचं. तो म्हणतो, परक्यावर या सुरांचा काहीच परिणाम होत नाही. म्हणजे इथे संगीत हे संगीत म्हणून काम करत नाही, ते आठवणीची खूण म्हणून काम करतं.

ही खूण कुणासाठी काय उघडेल याचा नेम नाही. गाण्यांच्या बाबतीत सोलापूर हे एक गाव नव्हतंच. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत घंटसालांची तेलुगू गाणी, कुठे राजकुमारांची कन्नड, कुठे उर्दू कव्वाली, आमच्या गल्लीत मराठी भावगीत. आणि चहाच्या हॉटेलात, गड्ड्याच्या यात्रेतल्या लाउडस्पीकरवर सगळ्यांची मिळून हिंदी. रेडिओ महाग, शिवाय पोस्टात त्याचा परवाना काढावा लागे. त्यामुळे गाणं बहुतेकांना दुसऱ्याच्या रेडिओवर, दुसऱ्याच्या मर्जीनं मिळायचं. वाट पाहावी लागायची. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात संपलं की पुन्हा केव्हा ऐकायला मिळेल, कोण जाणे. त्या गाण्यांची गोडी निम्मी सुरांची आणि निम्मी त्या वाट पाहण्याची होती. आज कारवाँ नावाच्या पेटीत पाच हजार गाणी भरलेली मिळतात. मुलांनी मला ती भेट दिली आहे. गाणी सगळी आहेत तिच्यात, वाट पाहणं नाही.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे, गिरणीत विणकाम खात्यात होते. आपल्याकडे 1877 ला पहिली गिरणी सुरू झाली, भोंग्यावर गाव उठायचं आणि झोपायचं. पुढे एकेक करत सगळ्या थंडावल्या. एकदा ही पेटी लावून मी गच्चीत बसलो होतो. एक अगदी आनंदी गाणं लागलं. पलीकडून ते म्हणाले, ‘सर, तेवढं पुढं घ्या.’ मला वाटलं आवडत नसेल. ते म्हणाले, ‘फाटकावर नोटीस लागली त्या दिवशी समोरच्या हॉटेलात हेच चालू होतं. हॉटेलवाल्याला कुठं माहीत.’ मी पुढचं लावलं. गाणं तेच, काळ तोच, गाव तेच. मग निवेदक म्हणतो तो ‘तो काळ’ कुणाचा?

आता शेवटचा मुद्दा. शाकुंतलाचा पाचवा अंक आठवा. पडद्याआडून हंसपदिकेचं गाणं येतं आणि दुष्यंत अस्वस्थ होतो. त्याला कळत नाही की प्रिय माणसाचा विरह नसताना ही हुरहूर कसली. तो म्हणतो, सुंदर पाहून आणि गोड ऐकून सुखी माणूसही व्याकुळ होतो, तेव्हा मागल्या जन्मीचं प्रेम त्याच्या नकळत जागं होत असणार. अभिनवगुप्तानं या श्लोकावर लिहिलं आहे. त्याचं म्हणणं, ही तर्कशास्त्रातली स्मृती नव्हे, कारण आठवण्याजोगी ठराविक वस्तू इथे समोर नाही. हा वेगळ्या जातीचा अनुभव. रसाचा. आपण जुनं गाणं ऐकताना नेमकं हेच होतं. काय आठवतंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी आठवतंय.

हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. पण एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. हंसपदिका कोण? राजानं एकदा प्रेम करून विसरलेली राणी. तिचं गाणं ही तक्रार आहे. आणि ज्या मागल्या जन्माबद्दल राजा बोलतो तो मागला जन्म नाहीच, ती शकुंतला आहे. याच जन्मातली, त्यानंच विसरलेली, आणि या क्षणी त्याच्या दाराकडे चालत येणारी. राजाला हुरहूर कळते, पण आपण कुणावर अन्याय केला ते कळत नाही. शाप होता म्हणून त्याला तरी माफ. आपल्याला कुणाचा शाप?

माझंच सांगतो. 1965 साली भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ आला. संगीतकार म्हणून नाव आनंदघन, म्हणजे लताबाईच. मी पंधरा वर्षांचा. मित्रांबरोबर दोनदा पाहिला. त्यातलं एक गाणं ही माझी लाडकी आठवण. कितीतरी कार्यक्रमांत मी ते गुणगुणलो असेन. काही वर्षांपूर्वी मोठी बहीण घरी आली होती. नातवानं मोबाइलवर तेच गाणं चित्रासकट लावलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, ‘अरे, हे असं होतं होय?’ मी म्हटलं, ‘अक्का, तू पाहिला नव्हतास?’ ती हसली. म्हणाली, ‘मला कोण पाठवणार होतं? मी भिंतीपलीकडच्या रेडिओवर ऐकायची. तू येऊन गोष्ट सांगायचास, तीसुद्धा अर्धवट.’

साठ वर्षांच्या माझ्या त्या गोड आठवणीत ती कुठेच नव्हती. घरात दोन खोल्या होत्या, मित्रहो. ती तिथेच असणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जुन्या गाण्यांवर खुशाल प्रेम करा, मी सोडणार नाही. पण त्या प्रेमाला काळाची साक्ष द्यायला उभं करू नका. गाणं एवढंच सांगतं की आपण केव्हातरी मन लावून ऐकलं होतं. तो काळ कसा होता हे त्याला माहीत नाही. ते विचारायचं तर माणसांना विचारावं लागतं. घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा. कोणतं गाणं आवडतं, हे नको. ते कुठून ऐकलंत, हे विचारा. दाराच्या आतून, भिंतीपलीकडून, विड्या वळताना, की थिएटरात बसून? जे उत्तर येईल तो आपल्या गावाचा इतिहास. तो लिहून ठेवायला फार वर्षं उरलेली नाहीत.